बोंडला, गुरुवार सोडून

विजेच्या बिलाच्या पाठीवर प्रशिलानं यादी केली:
टोप्या चार, पाण्याच्या बाटल्या पाच,
आईच्या गुडघ्याची पट्टी,
पोई आणि सुकी बटाट्याची भाजी,
घट्ट झाकणाच्या डब्यात, माकडं असतात तिथं,
अन्वेशची जादा चड्डी.

"सातला निघायचं, लिही," मी म्हटलं,
"दहानंतर जनावरं सावलीत शिरतात
आणि माणसं एकमेकांवर खेकसतात."
तिनं लिहिलं साडेसात.
आईला आंघोळीला किती वेळ लागतो
ते कुठं लिहिलं नाही.

अन्वेशला फक्त गवा बघायचा होता.
बाईंनी सांगितलेलं, आपल्या राज्याचा प्राणी.
"मग तो आपल्याला ओळखणार?"

माझी सुट्टी गुरुवारची.
उरलेले सहा दिवस मी फेरीबोट नेतो,
जुन्या गोव्याहून दिवाडीला,
दिवाडीहून जुन्या गोव्याला.
सोळा वर्षं झाली,
मांडवी तेवढीच रुंद.

तर गुरुवारी निघालो, उल्हासची गाडी मागून.
फोंडा गेलं, उसगाव गेलं,
वळणांवर आईला मळमळलं.
लिंबू यादीत नव्हतं,
आईच्या कनवटीला होतं.

फाटकाला कुलूप.
रखवालदार खुर्चीतून न उठता म्हणाला,
"आयज बिरेस्तार न्हय?"
जसं काही जन्मल्याबरोबर
प्रत्येकाच्या कानात हे सांगून ठेवलेलं असतं.

गाडीच्या सावलीत भाजी खाल्ली.
एक माकड आलं, शांतपणे एक पोई घेऊन गेलं.
"चला, एक बघून झालं," अन्वेश म्हणाला.
परतीच्या वाटेवर कुणी बोललं नाही,
फक्त पाचही बाटल्या मागच्या सीटखाली
गडगडत राहिल्या.

मग सॅबीशी पाळी बदलली.
एका रविवारच्या बदल्यात
नाताळातल्या त्याच्या दोन रात्री माझ्या.
महाग पडला सौदा. केला.

रविवारी गवा भेटला.
आमच्याकडं पाठ करून उभा,
पाठ कसली, काळा डोंगरच,
आणि पायांत पांढरे मोजे.
"शाळेत चाललाय?" अन्वेशनं विचारलं,
एक मिनिट बघितलं
आणि खाली बसून मुंग्या बघायला लागला,
ज्या घरीही आहेत, फुकट.

मी पुढं सरकलो, बिबट्याकडं.
तो जाळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होता.
त्या टोकाला वळत होता. ह्या टोकाला वळत होता.
दोन्ही टोकांना एकेक जागा होती,
गवत कायमचं गेलेली.
वळताना कुठला खांदा आधी झुकणार
ते मला दुसऱ्या फेरीलाच कळलं.
सवयीनं मोजायला लागलो.
अकरा. बारा.
लोक त्याला हाका मारत होते, शिट्या मारत होते,
एकानं मोबाईल उंच धरून म्हटलं, "ए, हिकडं बघ की!"
तो धक्क्याकडं बघावं तसं
आमच्या पलीकडं कुठंतरी बघत होता.

प्रशिलानं काही न बोलता
बाटली माझ्या हातात दिली.

"बाबा, ह्याला सुट्टी कधी?"
"गुरुवारी."
"तुमची पण गुरुवारीच."
"हो."
"मग बिचारा कुणाला बोलवत असेल घरी?"

मला उत्तर सुचलं नाही.
आईला सुचलं. ती म्हणाली, "भूक लागली."

पुढच्या गुरुवारी
सोप्याच्या गार लादीवर उघड्या अंगानं पडलो होतो.
प्रशिलानं यादी उलटी करून पुढची बाजू वाचली,
बिल भरायची तारीख मंगळवारीच गेलेली.
ती बोलली जे बोलायचं ते.

बोंडलाच्या फाटकाला आत्ता कुलूप असेल,
रखवालदार खुर्चीत,
कुणीतरी लांबून आलेलं, त्याच्याशी हुज्जत घालत.
आत शिट्टी नाही, मोबाईल नाही.
माझ्याकडंही कुणी बघत नव्हतं.
मी कूस बदलली.